सामाईक विहीर आणि प्लेटोचं नगर

ग्रीक साहित्य उघडलं की अगदी उंबऱ्यातच भावकीचा तंटा भेटतो. इ.स.पू. ७०० च्या सुमारास बिओशिया प्रांतातल्या आस्क्रा या खडकाळ खेड्यात हेसिअड नावाचा शेतकरी-कवी राहत होता. बाप वारला, दोघा भावांत वाटणी झाली. पर्सेस या भावानं न्याय करणाऱ्या गावमुखंडांना लाच चारली, वाजवीपेक्षा जास्त वाटा उचलला, तो उडवला आणि पुन्हा हेसिअडच्याच दारात हात पसरून आला. हेसिअडचं 'कामे आणि दिवस' हे काव्य याच भावाला उद्देशून आहे. नांगर कधी धरावा, पीक कधी कापावं हे सांगता सांगता तो भावाला घालूनपाडून बोलतो, आणि एका जागी बापाच्या घराला एकच मुलगा असलेला बरा असंही सुचवून जातो. बारामती-इंदापूरकडच्या नीरा डाव्या कालव्यावरच्या माणसाला हे काव्य समजायला एकही तळटीप लागू नये.

एकत्र कुटुंब मोडलं की आपल्याकडे त्याची पावती विलायती वाऱ्याच्या, नाहीतर धाकट्या सुनेच्या नावावर फाडली जाते. दोन्ही निदानं आळशी आहेत. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात एकत्र कुटुंब म्हणजे काय ते नेमकेपणानं सांगितलं आहे: रक्ताच्या किंवा लग्नाच्या नात्यातली माणसं, जी एका छपराखाली राहतात, एका चुलीवरचं खातात, मालमत्ता सामाईक ठेवतात आणि देवधर्म एकत्र करतात. यातल्या गाठी एकदम सुटत नाहीत. आधी चूल वेगळी होते. मग दुधाचा हिशेब. जमीन वहिवाटीनं वाटून घेतली जाते, पण सातबाऱ्यावर थोरल्याचंच नाव कितीतरी वर्षं राहतं. मग कधीतरी पीककर्जासाठी, नाहीतर पोराच्या लग्नासाठी, जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडे अर्ज पडतो आणि खातेफोड होते. तरीही विहीर सामाईक राहते, बांधावरची चिंच सामाईक राहते, देव थोरल्याच्या देव्हाऱ्यात राहतात आणि जागरण-गोंधळाला सगळी भावकी एकाच मांडवात जेवते. म्हणजे 'एकत्र' हा एक शब्द नसून त्याच्या पोटात पाच-सहा शब्द आहेत. ग्रीक विचारवंतांचा दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीचा वाद नेमका यावर होता: काय सामाईक असावं आणि काय नसावं.

आधी विहीर जवळून पाहू. सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात विहिरीतला हिस्सा अजून आण्यांत लिहिलेला सापडतो. दशमान नाणी १९५७ ला आली, आणे गेले, विहिरीत मात्र ते चालू आहेत. विहीर सोळा आण्यांची. चार भाऊ असले तर प्रत्येकाला चार आणे, आणि आठ दिवसांच्या पाळीत दोन-दोन दिवस पाणी. त्यातल्या एकाला तीन मुलं झाली की एकेकाच्या वाट्याला एक आणा चार पै आणि सोळा तास. या सोळा तासांत वीज किती, तर आठ तास; तीही एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. ऐन उन्हाळ्यात कुणाच्या पाळीत ट्रान्सफॉर्मर जळला तर ती पाळी बुडाली की पुढे धरायची, यावर सख्ख्या चुलतभावांत सहा-सहा महिने अबोला धरलेला मी पाहिला आहे. मोटार जळाली तर दुरुस्तीचा खर्च आण्यांच्या हिशेबानं काढायचा की ज्याच्या पाळीत जळाली त्यानं द्यायचा, हा पुढचा खटला.

प्लेटोला हे दृश्य दाखवलं असतं तर त्यानं समाधानानं मान डोलावली असती. 'रिपब्लिक'मध्ये तो म्हणतो की नगराला फोडणारी चीज एकच: एकाला जे 'माझं' वाटतं ते दुसऱ्याला 'माझं' वाटत नाही. म्हणून राज्य राखणाऱ्या रक्षक वर्गाला घर नको, शेत नको, सोनं नको, जेवण एका पंगतीत, आणि बायको-मुलंही स्वतंत्र नकोत. मूल जन्मलं की थेट सांभाळघरात. आई कोणती, बाप कोणता हे कुणालाच कळू द्यायचं नाही. एका हंगामातल्या लग्नांपासून सातव्या ते दहाव्या महिन्यात जन्मलेली सगळी पोरं त्या सगळ्यांची. रक्षकांच्या बायकांनाही तेच शिक्षण, तीच कवायत, तोच कारभार. त्या काळच्या अथेन्समध्ये घरंदाज बाई बाजारालाही जात नसे, हे लक्षात घेतलं म्हणजे या सूचनेचा धीटपणा कळतो. दुसरी बाजू मात्र अंगावर काटा आणणारी आहे. लग्नाच्या चिठ्ठ्या राज्यकर्ते गुपचूप आपल्या मर्जीप्रमाणे काढणार, उत्तम वाणाची पैदास व्हावी म्हणून, आणि हिणकस ठरलेली पोरं नजरेआड केली जाणार. आणखी एक गोष्ट आपले लोक हमखास विसरतात: हा सगळा बेत फक्त रक्षकांपुरता आहे. शेतकरी, लोहार, व्यापारी यांच्या घरांना प्लेटो हात लावत नाही. स्वतः तो आजन्म अविवाहित राहिला. यावर कोटी करण्याचा मोह आवरतो, कारण संसारी लोकांनीही कुटुंबावर काही कमी तर्कटं लिहिलेली नाहीत.

असल्या कल्पना तेव्हा अथेन्सच्या हवेत असाव्यात, कारण 'रिपब्लिक'च्याही आधी, इ.स.पू. ३९० च्या आसपास, ॲरिस्टोफेनीसनं त्यांच्यावर एक फार्स रंगवला होता. बायका सभा काबीज करतात आणि सगळी मालमत्ता सामाईक करून टाकतात. एक साधाभोळा नागरिक भांडीकुंडी रांगेनं मांडून जमा करायला निघतो. शेजारी मात्र म्हणतो, आधी बाकीचे काय करतात ते पाहू. जेवणाची दवंडी पिटल्यावर पंगतीला पहिला धावतो तो हाच. गावच्या पाणीवापर संस्थेची वर्गणी गोळा करणाऱ्याला हा गृहस्थ नावानिशी ठाऊक असतो.

प्लेटोचा शिष्य ॲरिस्टॉटल यानं 'पॉलिटिक्स'च्या दुसऱ्या भागात गुरूची उलटतपासणी घेतली. माझ्या मते या सगळ्या वादातली ही सर्वांत वाचनीय पानं. त्याचं म्हणणं असं की जी वस्तू जास्तीत जास्त लोकांची, तिची निगा कमीत कमी. प्रत्येकाला हजार मुलगे असले तर प्रत्येक मुलगा हजारातल्या एका भागानं माझा. म्हणजे कुणाचाच नाही. प्लेटोच्या नगरातला मुलगा होण्यापेक्षा खऱ्या जगातला चुलतभाऊ होणं बरं. घागरभर पाण्यात थोडी गोड दारू ओतली तर चव उरत नाही, तशी ती माया. कालव्याची चारी कोण साफ करतं, हे ज्यानं पाहिलं आहे त्याला पहिला मुद्दा समजावून सांगावा लागत नाही. पाणी शेजपाळीनं, पाटकरी ठरवील त्या क्रमानं. पण चारीतलं गवत सगळ्यांचं, म्हणजे बेवारशी. इंदापुरातल्या शेपटाकडच्या गावांना हे आवर्तन कसं मिळतं, ते त्यांनाच विचारावं.

मात्र ॲरिस्टॉटल 'ज्याचं त्याचं' म्हणून हात झटकत नाही. तो जमिनीचे तीन प्रकार मांडतो: शेत वेगळं आणि पीक एकत्र, शेत एकत्र आणि पीक वाटून, किंवा दोन्ही एकत्र. कसणारे स्वतःच मालक असले की कामाच्या आणि वाट्याच्या तुलनेवरून कुरबुरी होणारच. एकत्र प्रवासाला निघालेली माणसंसुद्धा क्षुल्लक गोष्टींवरून भांडतात, असं तो म्हणतो. त्याची शिफारस: मालकी खासगी, वापर सामाईक. स्पार्टात लोक एकमेकांचे घोडे आणि कुत्री आपलीच असल्यासारखी वापरत आणि प्रवासात गरज पडली तर दुसऱ्याच्या शेतातलं खात, हा त्याचा दाखला.

बारामती-इंदापूरच्या अर्थकारणाचा पाया नेमका या शिफारशीवर उभा आहे, कुणी ॲरिस्टॉटल वाचून घातलेला नसला तरी. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती: ऊस ज्याचा त्याचा, चरक सगळ्यांचा. एका सभासदाला एक मत, मग त्याचा ऊस एक एकर असो की चाळीस. डोनाल्ड ॲटवुड या मानववंशशास्त्रज्ञानं नीरेच्या या पट्ट्यात बरीच वर्षं काम केलं. त्यांचं 'रेझिंग केन' १९९२ मध्ये आलं. सहकार म्हणजे बड्यांनी लहानांना गिळणं, एवढंच चित्र त्यांना दिसलं नाही. मोठी खाती पिढ्यांमागून वाटणीनं फुटत गेली आणि लहानांतले काही वर सरकले, असं त्यांचं निरीक्षण आहे. म्हणजे खातेफोड ही घराच्या दृष्टीनं मोडतोड असली तरी गावाच्या दृष्टीनं एक प्रकारची फेरवाटणी आहे. हा मुद्दा एकत्र कुटुंबाच्या आठवणींनी गहिवरणाऱ्यांनी जरा वेळ मनात घोळवावा.

उरलेल्या दोन प्रकारांपैकी 'दोन्ही एकत्र'चा प्रयोगही इंदापूरनं पाहिला. वालचंदनगरच्या कारखान्यानं शेतकऱ्यांकडून खंडानं घेतलेल्या हजारो एकर जमिनी १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्यानंतर शेती महामंडळाकडे गेल्या. मालक सरकार, कसणारे पगारी मजूर. तोट्यांच्या कहाण्या सांगत बसत नाही. पुढे खंडकऱ्यांना जमिनी परत देण्याचा निर्णय घ्यावा लागला, यात निकाल आलाच. परत मिळालेल्या जमिनीवर मूळ खंडकऱ्याचे वारस मोजता मोजता तलाठ्याच्या वहीची पानं संपली असतील.

स्पार्टाचा आणखी एक धडा सहकाराला लागू पडतो. तिथं प्रत्येक पुरुषाला सामुदायिक पंगतीत जेवावं लागे आणि धान्य, दारू, चीज यांचा ठरलेला वाटा द्यावा लागे. जो देऊ शकला नाही त्याचं नागरिकत्व गेलं. ॲरिस्टॉटलनं यावर बोट ठेवलं: लोकशाहीसाठी काढलेली पंगत गरिबालाच बाहेर हाकलते, त्यापेक्षा सार्वजनिक उत्पन्नातून पंगत चालवणारं क्रीट बरं. सभासद आणि बिगरसभासद, ज्याची नोंद वेळेवर लागते तो ऊस आणि ज्याला तुरे फुटेपर्यंत तोड मिळत नाही तो ऊस, आणि दिवाळीची सवलतीची साखर कुणाच्या पिशवीत पडते, हे सगळं या पंगतीचंच वाढप आहे.

म्हातारपणी प्लेटो स्वतःही जमिनीवर आला. 'लॉज' या अखेरच्या ग्रंथात तो म्हणतो की सगळं सामाईक ही देवांची व्यवस्था. माणसांसाठी दुय्यम बेत हवा. त्याच्या नव्या वसाहतीत ५०४० कुटुंबं, प्रत्येकाला जमिनीचा एक वाटा, आणि तो वाटा कधीही फोडायचा नाही. ५०४० का, तर या संख्येला एकपासून दहापर्यंत सगळ्या आकड्यांनी भाग जातो. बापानं एकच वारस निवडायचा. बाकीचे मुलगे मूल नसलेल्या घरी दत्तक द्यायचे, मुली लग्न करून पाठवायच्या, आणि तरीही माणसं उरली तर वसाहत वसवायला बाहेर धाडायची.

हा खातेफोडीवरचा इतिहासातला सर्वांत कडक तोडगा असावा. आपल्या तुकडेबंदीचा, म्हणजे १९४७ च्या मुंबई कायद्याचा, हेतू तोच होता. २०२३ मध्ये राज्यानं प्रमाणभूत क्षेत्र बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे असं ठरवलं, यावरून तो हेतू कुठवर घसरला ते दिसतं. घसरण जुनी आहे. हॅरल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरची पाहणी करून १९१७ मध्ये प्रसिद्ध केली: सरासरी धारणा १७७१ मध्ये ४० एकर, १८१८ मध्ये साडेसतरा, आणि १९१४-१५ मध्ये ७. तेव्हा ना टीव्ही होता ना नोकरदार सून. मिताक्षरेच्या नियमानं मुलगा जन्मताच वडिलोपार्जित मालमत्तेत हिस्सेदार होतो. आपलं एकत्र कुटुंब हे आतून कायमचं वाटणीला तयार असलेलं कुटुंब होतं. पाळण्याची दोरी हलली की हिस्सा बदलला. (पिंपळे सौदागरला आता एकर कुणी मोजत नाही, चौरस फूट मोजतात.) बारामती म्हटल्यावर वाचकाला जे एक घर आठवतं, त्याच्यावर शाई पुरेशी सांडली आहे. २०२४ मध्ये त्या घरातले उमेदवार लोकसभेला आणि विधानसभेला समोरासमोर उभे राहिले. मला मात्र राजकारणापेक्षा त्या दिवाळीत गोविंदबाग आणि काटेवाडी असे झालेले पाडव्याचे दोन मांडव जास्त बोलके वाटले.

आतापर्यंतच्या हिशेबात बहीण आलेली नाही, हे वाचणाऱ्या बहिणीच्या लक्षात आलं असेल. अथेन्समध्ये भाऊ असलेल्या मुलीला वारसा नव्हता, फक्त हुंडा. भाऊ नसला तर ती 'एपिक्लेरोस', म्हणजे वतनासोबत जाणारी. तिला बापाच्या जवळच्या नातलगाशी लग्न करावं लागे, म्हणजे जमीन तिच्या हातून तिच्या मुलांकडे, त्याच कुळात. स्पार्टात मुलींना जमीन मिळे आणि दोनपंचमांश जमीन बायकांच्या नावावर गेली, अशी तक्रार ॲरिस्टॉटलनं केली आहे. आपल्याकडे महाराष्ट्रानं १९९४ मध्ये, केंद्रानं २००५ मध्ये मुलीला जन्मसिद्ध हिस्सा दिला आणि विनीता शर्मा खटल्यात २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं उरलीसुरली शंका फेडली. मग हक्कसोडपत्र आलं. कायद्यानं सातबाऱ्यावर चढलेलं नाव साडी-चोळी देऊन उतरवलं जातं. बहीण सही करते, कारण बापाच्या पश्चात माहेर म्हणजे भावाचं दार, आणि ते उघडं राहण्याची किंमत तिला ठाऊक असते. ज्या बहिणींनी सही केली नाही त्यांना गाव काय म्हणतं तेही तिला ठाऊक असतं. 'मालकी खासगी, वापर सामाईक' या तोडग्यात ॲरिस्टॉटलनं न पाहिलेली जागा ही: सामाईकपण टिकवण्याचा खर्च कुणाच्या हिश्श्यातून जातो. झेनोफनच्या 'इकॉनॉमिकस'मध्ये इस्कोमाकस पंधराही न भरलेल्या बायकोला शिकवतो की तू पोळ्यातल्या राणीमाशीसारखी हो, भांडी ओळीनं लाव. वीस माणसांच्या भाकरी थापणाऱ्या थोरल्या जावेलाही आपण लक्ष्मीच म्हणत आलो.

आणि ऊस तोडायला कोण येतं? ॲरिस्टॉटल कुटुंबाची सुरुवात स्त्री-पुरुषाच्या जोडीपासून करतो, हेसिअडच्या घर, बायको आणि नांगराचा बैल या त्रयीची आठवण देतो आणि म्हणतो की गरिबाच्या घरी बैल हाच गुलामाच्या जागी असतो. ही ओळख करून द्यायला बारामतीचा फड पुरे. दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातून जोडपी येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादमाची उचल त्याच हिशेबात. सोबत बैलगाडी, पाचटाची कोपी, पहाटे चारला चूल. मुलं एकतर गावी आजीजवळ, नाहीतर साखरशाळेत. घर इतकं सोलून निघालं आहे की उरली ती जोडी, बैल आणि कोयता. सहकाराच्या पंगतीचा ऊस हेच तोडतात. पंगतीत त्यांचं पान मांडलेलं नाही.

काही ग्रीकांनी घराच्या बाहेर घर शोधलं. दक्षिण इटलीतल्या क्रोटोनला पायथागोरसचे अनुयायी मालमत्ता एकत्र ठेवून राहत, अशी परंपरा सांगते. सिनिक पंथाच्या डायोजिनीसनं लग्न ही संस्थाच झुगारली. त्याच पंथातल्या क्रेटीसशी मात्र हिपार्कियानं घरच्यांचा विरोध पत्करून हट्टानं लग्न केलं आणि दोघं उघड्यावर संसार करत फिरले. या सगळ्यांत मला शहाणा वाटतो तो एपिक्यूरस. अथेन्सबाहेरच्या त्याच्या बागेत बायका आणि गुलामही बरोबरीनं राहत, तरी त्यानं पैसा एका थैलीत ठेवू दिला नाही. कारण असं की तशी सक्ती म्हणजे अविश्वासाची कबुली, आणि जिथं विश्वास नाही तिथं मैत्री कसली? पंचवीस माणसांच्या घरात कर्त्याच्या कंबरेची किल्ली पाहिलेल्या कुणालाही हे वाक्य टोचेल.

स्टोइक पंथाचा हिएरोक्लीस आणखी एक गंमत करतो. माणसाभोवती वर्तुळं असतात: मध्ये स्वतः, मग आईबाप आणि भावंडं, मग चुलते-आत्या-मामे, मग नगर, मग सगळी मानवजात. बाहेरचं वर्तुळ एकेक पायरी आत ओढत राहावं. उपाय म्हणून तो सांगतो की चुलतभावाला भाऊच म्हणावं, चुलत्याला बाप. इथं त्याला शिकवण्यासारखं आपल्याकडे काही आहे. मराठीत चुलत्याला आप्पा-तात्या-अण्णा म्हणतात, चुलतभाऊ राखीच्या दिवशी नुसता भाऊ असतो, आणि 'चुलत' हे विशेषण बाहेर पडतं ते मोजणीदार साखळी घेऊन बांधावर आल्यावरच.

शेजारच्या पुरंदरला मात्र एक वेगळं गणित मांडलं गेलं. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगावला सुरू केलेल्या पाणी पंचायतीत पाणी जमिनीला नव्हे, माणसाला होतं: डोई अर्धा एकर, कुटुंबाला कमाल अडीच एकर, भूमिहीनालाही हक्क, आणि ऊस बंद. जमीन विकली तरी पाणी तिच्यासोबत जात नाही. वाटणी कुटुंबातून करायची पण कुटुंबाला डोक्यावर बसू द्यायचं नाही, अशी ही रचना. ॲरिस्टॉटलनं तपासलेला फॅलिअस सगळ्यांना सारखी जमीन द्या म्हणत होता. ॲरिस्टॉटलचं उत्तर असं की जमिनी सारख्या करण्यापेक्षा हाव आवरणं महत्त्वाचं. साळुंख्यांनी ऊस बंद करून दोन्ही एकाच नियमात बसवलं. नीरेच्या कालव्यावर हे जमलं असतं का, हा प्रश्न मी एका सभासदाला विचारला. तो हसला आणि मोटारीच्या पेटीकडे गेला. त्याची पाळी रात्री बाराला संपत होती आणि पुढची पाळी ज्याची तो चुलतभाऊ बॅटरी घेऊन साडेअकरालाच विहिरीवर येऊन बसला होता.